सळई जिथे अडते

मला टुंड्राबद्दल बोलायला बोलावलं आहे, पण सुरुवात मी आपल्या काळ्या मातीपासून करते. मे महिन्यात नागपुरातून उमरेड रस्त्याने बाहेर पडलात की शेतात भेगा दिसतात, हात आत जाईल एवढ्या. माती वाळते, आकसते, फाटते. पावसाळ्यात फुगते आणि भेग बुजते. भूगोलाच्या तासाला हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले.

संशोधकांच्या एका तुकडीबरोबर शिक्षिका म्हणून मी अलास्काला गेले. मुक्काम टूलिक फील्ड स्टेशनवर. ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, अलास्का विद्यापीठाचं हे केंद्र 1975 पासून चालू आहे. त्याच्याही उत्तरेला किनाऱ्याकडे सपाट मैदान लागतं, आणि तिथल्या जमिनीवर चक्क आपल्यासारख्याच भेगांचं जाळं आहे. मी बघतच राहिले. फरक असा की तिथे जमीन वाळून नाही, कडाक्याच्या थंडीने आकसून फाटते. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी भेगेत उतरतं, गोठतं. पुढच्या हिवाळ्यात भेग पुन्हा तिथेच. अशी शेकडो वर्षं बर्फाची पाचर जाड होत जाते. आपली भेग दरवर्षी बुजते, त्यांची बुजत नाही.

दुसरं नवल म्हणजे कापूस! मैलोन्‌मैल पांढरे बोंडासारखे झुबके. इंग्रजीत त्याला कॉटनग्रासच म्हणतात, पण ते ना कापूस, ना गवत. आपल्या शेतात नको तिथे उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे ते. त्याचे गुडघ्याएवढे गड्डे, काही शंभर वर्षांहून जुने. मधल्या जागेत पाणी. पाय गड्ड्यावर ठेवला तर डुलतो, मध्ये ठेवला तर रुततो. वर डासांचे ढग.

माझं काम साधं होतं. हाती लोखंडी सळई, आखून दिलेल्या प्रत्येक ठिकाणी ती उभी धरायची आणि दाबायची. आधी शेवाळ, मग ओली काळी माती, आणि मग ती अडते. दगड लागला तर खणखणीत वाजतो, बर्फाळ जमीन लागली तर बद्द आवाज येतो. दोन दिवसांत कान तयार झाला. शेवाळ न दाबता त्याच्या पातळीवर सळईला चिमटीने धरायचं, उपसायची, मोजायचं. उन्हाळ्यात वितळते ती एवढीच, बरेचदा अर्धा मीटरही नाही. खालची कायम गोठलेली.

त्या गोठलेल्या थरात हजारो वर्षांची मुळं, पानं न कुजता पडून आहेत. उत्तरेकडच्या अशा प्रदेशांच्या मातीत सुमारे 1,500 अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. थर वितळला की जीवाणू कामाला लागतात. कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी साचलं असेल तिथे मिथेनही. म्हणून एकेक सेंटिमीटर मोजायचा, दरवर्षी, त्याच जागी. हा चिवटपणा मला फार मोलाचा वाटला.

परत आल्यावर मी लोहाराकडून तशीच सळई करून घेतली. एका मुलीच्या वडिलांचं शेत आहे, तिथे आम्ही खुंट्या ठोकल्या आहेत. मार्चपासून दर शनिवारी मुली भेगांची खोली मोजतात आणि वहीत लिहितात. परवा एकीने विचारलं, “बाई, सळई तिरपी गेली तर आकडा खोडायचा का?” मी म्हटलं, खोडायचा नाही. शेजारी लिहायचं, तिरपी गेली.