पंचवीस, इप्पत्तैदु

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी आत्या गेली. निपाणीतली आमची अख्खी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणतो. तंबाखूचं गाव आमचं. पाहुणा स्टँडवर उतरला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. आम्हाला तो वास येतच नाही.

लग्नानंतर चौथ्या वर्षी आक्का माहेरी परत आली. का, ते घरात कुणी बोललं नाही; मीही इथं बोलणार नाही. आली ती विड्या वळायला बसली. रात्री टेंभुर्णीची पानं भिजवून फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप. चिमूटभर जर्दा, एक वळसा, नखानं तोंड दुमडायचं, खाली दोऱ्याची गाठ. हे सगळं आमचा अभ्यास घेत घेत, सुपाकडं न बघता. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर.

सोप्यात तिच्या शेजारी समोरच्या घरातली कानडी मावशी बसायची. आक्का मराठीत मोजायची, मावशी कानडीत. एक 'पंचवीस' म्हणायची, दुसरी 'इप्पत्तैदु', आणि दोघी एकदमच दोरा तोडायच्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, तेव्हा आक्का पहिलीत होती. सीमाप्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटावर निघायचा, आवाज चढायचे. सोप्यात कधी चढले नाहीत.

खरी लढाई ठेकेदाराशी. तो 'छाट' काढायचा, म्हणजे वाईट म्हणून मूठभर विड्या बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला खरा, पण तो आमच्या ठेकेदाराच्या ओट्यापर्यंत चालत आला असावा, इतका वेळ लागला. आक्का घरीच विडी न् विडी निवडून न्यायची. एकदा त्यानं तरीही मूठ मारली. तिनं ती मूठ उचलून त्याच्यासमोर एकेक विडी मांडली आणि प्रत्येकीत काय खोट, ते विचारलं. कानडीत. त्याला मराठी येत होतं, पण पैशाचं भांडण त्याच्याच भाषेत केलं की 'समजलं नाही' म्हणायची सोय राहत नाही, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी पूर्ण हजाराचे पैसे मिळाले.

१९८१ साली शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूवाले शेतकरी हमरस्त्यावर बसले, तेव्हा आक्कानं दुरडीभर भाकऱ्या पाठवल्या. मोजून.

रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. ऊन चढलं. वडिलांनी हात जोडून सांगितलं, घर वाटणार नाही. आईनं आणखी काही कबूल केलं. मी मिसरीची डबी पानाशेजारी ठेवली. कावळा झाडावर, मान वाकडी करून. मागं उभी असलेली कानडी मावशी काठी टेकत पुढं आली आणि जरा रागानंच म्हणाली, "ऊटा माडव्वा आक्का, होत्तातु." जेवून घे ग बाई, उशीर झाला.

कावळा उतरला.

मावशीनं पदर सावरला आणि म्हणाली, "मराठीत किती वेळ बोलवताय तिला? भांडल्याशिवाय ऐकते होय ती?"

नमस्कार.