दोन कान, चार वेळा पाणी

(पडद्यावर: इन्फ्रारेड गॉगलमधून टिपलेला डोळा. बुबुळ हळू सरकतं, झटक्यात मागे येतं.)

डोळ्यांच्या या हालचालीला निस्टॅगमस म्हणतात. रुग्ण पलंगावर स्वस्थ पडलेला आहे. त्याला गरगरतंय ते कानात सोडलेल्या पाण्यामुळे. ही कॅलरिक टेस्ट: प्रत्येक कानातला तोल सांभाळणारा भाग किती काम करतो, हे बघणारी तपासणी.

कान धुताना थंड पाण्याने डोळे एका दिशेला हलतात आणि गरम पाण्याने उलट, हे हेरलं व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी. 1914चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आज वापरतात ती दोन तापमानांची पद्धत फिट्झजेराल्ड आणि हॉलपाइक यांची, 1942ची.

तयारी दोन दिवस आधीपासून. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझीन यांसारखी चक्कर दाबणारी औषधं डॉक्टरांना विचारून 48 तास थांबवायची. नाहीतर चांगले कानही मंद भासतात आणि नसलेला आजार रिपोर्टवर येतो. मग ओटोस्कोपने कान बघायचा, मळ काढायचा. कानाच्या पडद्याला भोक असेल तर पाणी सोडायचं नाही. अशा वेळी हवा वापरतात, पण तीही फसवते: कान आतून ओला असला तर गरम हवेने ओल सुकते, सुकता सुकता कान गार पडतो, आणि डोळे भलत्याच दिशेला धावतात.

रुग्ण उताणा, डोकं 30 अंश उचललेलं. अशाने आतल्या कानातली, डोकं वळल्याचं ओळखणारी आडवी अर्धवर्तुळाकार नलिका उभी होते. आता 44 अंश सेल्सिअसचं पाणी, 30 सेकंदांत साधारण 250 मिली. उष्णता हाडातून नलिकेपर्यंत पोचते, आतला द्रव हलका होऊन वर चढतो आणि मेंदूला वाटतं, डोकं वळलं. (1983 मध्ये स्पेसलॅब या अंतराळ प्रयोगशाळेतल्या अंतराळवीरांमध्ये वजनरहित अवस्थेतही निस्टॅगमस आला, म्हणजे द्रवाचं चढणं हे एकमेव कारण नव्हे.) नंतर 30 अंशांचं पाणी. दोन्ही कानांत दोन्ही, म्हणजे एकूण चार वेळा. प्रत्येक वेळी मध्ये 5 ते 7 मिनिटं थांबायचं. घाई केली की आधीचा परिणाम पुढच्या आकड्यात मिसळतो.

गरम पाण्याने डोळ्याचा झटका त्याच कानाकडे, थंडाने विरुद्ध कानाकडे.

(पडद्यावर: अंधारी खोली, ऑडिओलॉजिस्टचा आवाज: "म वरून गावांची नावं सांगा… मिरज, महाड… पुढे?")

ही करमणूक नव्हे. रुग्ण पेंगला की निस्टॅगमस विरतो. म्हणून गावं, नातेवाईक, उलटे पाढे, काहीही विचारत राहायचं. चारही वेळा सारखंच, नाहीतर एक कान उगाच बदनाम होतो. जोर ओसरायच्या आत गॉगलमधला दिवा लावून त्यावर नजर रोखायला सांगतात. डोळे लगेच संथ व्हायला हवेत. झाले नाहीत तर संशय कानावरून मेंदूकडे वळतो.

आता हिशेब. हळू सरकण्याचा कमाल वेग मोजतात, अंश प्रतिसेकंदात. समजा उजव्या कानाचे 24 आणि 22, डाव्याचे 13 आणि 11. बेरजा 46 आणि 24, फरक 22, एकूण 70. म्हणजे डावा कान 31 टक्क्यांनी कमकुवत. बऱ्याच प्रयोगशाळा 25च्या पुढे दोष धरतात. पण तो लिहिण्याआधी शंकेखोर व्हावं: पाण्याची धार पडद्यापर्यंत पोचली होती का? डाव्या कानात मळ उरला होता का? शंका असेल तर तेवढंच सिंचन पुन्हा करायचं.

आता बऱ्याच ठिकाणी व्हीहिट (व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्ट) आधी होते. डोकं 10 ते 20 अंश, अचानक झटकायचं. डोळे लक्ष्यावर टिकतात का, हे गॉगलमधला कॅमेरा मोजतो. पाच-दहा मिनिटांत दोन्ही कानांच्या मिळून सहाही नलिका तपासून होतात. पट्टा सैल असला तर गॉगल घसरतो आणि आकडे बिघडतात, तो घट्ट बांधावा. मात्र व्हीहिट वेगवान हालचाल तपासते, कॅलरिक अगदी संथ. मेनिएरच्या आजारात (हा आतल्या कानाचा आजार) कॅलरिक कमी आणि व्हीहिट उत्तम, असं वारंवार दिसतं. कान भरून येणं, ऐकू येणं कमी-जास्त होणं अशी तक्रार असेल, तर नुसता व्हीहिट नॉर्मल आला म्हणून कॅलरिक रद्द करू नये.