घर, शाळा आणि मधला नाला

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईकडची पोरं जूनच्या मध्यावरच वर्गात जाऊन बसली. आपल्या विदर्भातली शाळा त्यानंतर आठवडाभरानं भरते, कारण आपला अर्धा जून म्हणजे मे महिनाच. या उशिरात एक गोम आहे. शाळा उघडते, पाऊस लागतो आणि पेरणीची घाई सुरू होते, सगळं एकदमच. माय-बाप दिवस उगवायच्या आत वावरात गेलेले असतात. पोरगं आपल्या हातानं डबा भरतं आणि एकटं निघतं.

मी ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर होतो. शाळेत पोराला काही झालं तर जबाबदार मास्तर, घरी झालं तर माय-बाप. मधली दीड-दोन किलोमीटरची पांदण, नाल्यावरचा रपटा म्हणजे बुटका पूल, झाडाखालचा बसथांबा मात्र कुणाच्याच खात्यात नाही. माझ्या आठवणीतले बहुतेक वाईट दिवस याच पट्ट्यातले आहेत.

एक तर माझ्याच चुकीचा. जुलै महिना, दुपारचे तीन वाजले असतील, आभाळ भरून आलं. पाऊस यायच्या आत पोरं घरी पोचलेली बरी, म्हणून मी छुट्टी देऊन टाकली. आमच्या गावावर थेंब पडला नाही. वर डोंगराकडे मात्र तासभर कोसळला होता. नाल्यापलीकडच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, सात पोरं रपट्यावर पोचली तेव्हा पाणी नुकतंच वरून वाहू लागलं होतं. पाचवीतल्या एका पोरीनं लहान भावाचा हात धरून पाय आत टाकलासुद्धा. बैल धुवायला आलेल्या एका बाबाजीनं ओरडून तिला मागं खेचलं. तो बाबाजी तिथं नसता तर आज मी तुमच्याशी बोलायला बसलो नसतो. तेव्हापासून आभाळ पाहून छुट्टी देणं मी बंद केलं. आधी वरच्या गावाला फोन लावायचा, मग घंटा.

नाल्याचा पूर आपल्या डोक्यावरचा पाऊस पाहून येत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, काडीकचरा वाहत येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली, की काठ सोडायचा. गुडघ्याएवढं वाहतं पाणी धडधाकट गड्याला पाडतं, तिथं तिसरीतल्या पोराची काय कथा? आणि चप्पल वाहून गेली तर जाऊ द्यायची. हे पोरांना आधीच सांगून ठेवा. चप्पल हरवली तर घरी मार बसेल, या भीतीनं पोरं पाण्यात उतरतात.

विजेचंही तसंच. वीज चमकली की पोरांनी आकडे मोजायचे. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात शिरायचं. मोहाखाली, कडुनिंबाखाली थांबायचं नाही. सगळी पोरं नेमकी तिथंच धावतात. उघड्या वावरात सापडलात तर एकमेकांपासून दूर होऊन, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. घरातल्या मोबाईलमध्ये एवढे व्हिडिओ मावतात, तिथं तेही मावेल.

आता सापांचं बोलतो, आणि जरा थांबून बोलतो. नाग तुम्ही ओळखता. घोणस, म्हणजे आपली परड, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, निदान सावध तरी करते. मण्यार तसलं काही करत नाही. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते. बहुतेकदा दुखत नाही, सूज नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोरगं उठतं आणि म्हणतं, "माय, पोट दुखून राहिलं." शाळेचे पहिले दिवस, आपल्याला वाटतं सोंग आहे. "चाल ऊठ, दप्तर घे," म्हणून आपण त्याला हाकलतो. माय-बापहो, पावसाळ्यात पोटदुखीसोबत पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळू लागली, गिळता येईना, तर ते सोंग नाही. १०८ ला फोन करा, नाही तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, आणि मांत्रिकाच्या ओसरीवर अर्धा तास घालवायचा नाही. सापाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच औषध चालतं. आणि रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. ती मच्छरापेक्षा मण्यारीसाठी.

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की आणखी एक नजर ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. तरीही औषधाची रिकामी बाटली राखेनं घासून पोराच्या दप्तरात पाण्यासाठी दिलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. झाकणावर अजून लाल त्रिकोणाचं, म्हणजे जहाल विषाच्या खुणेचं, चित्र होतं. माय म्हणाली, "गुरुजी, चांगली तीनदा धुतली." ते विष धुऊन जात नाही. बाटलीला भोकं पाडा म्हणजे कुणी वापरणारच नाही. फवारलेल्या वावरातून शाळेचा जवळचा रस्ता काढू नका, आणि रविवारी पोराला औषध कालवायला बसवू नका.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडची मंडळी ऐकत असतील. वाघाबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार! एवढंच म्हणेन, सकाळी लवकरचा आणि दिवस बुडतानाचा शिकवणी वर्ग त्या गावांत ठेवू नये. पोरांनी घोळक्यानं, बोलत-गात जावं.

मोठ्या पोरांनो, दहावी-बारावीवाल्यांनो, आता तुमच्याशी. बापाची मोटारसायकल घेऊन तिघं-तिघं तालुक्याला जाऊन राहिले तुम्ही. वय अठराच्या आत असताना पकडले गेलात तर कायद्यानं बापाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि तुम्हाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं. पोरींना पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे, काही तालुक्यांत पोरींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसही आहेत. पण बस वेळेवर येत नसेल तर आगारप्रमुखाकडे पोरींना पाठवू नका, पालकांनी जा. चार पागोटी एकदम दिसली की वेळापत्रक सुधारतं, असा माझा अनुभव.

आणि एक अवघड गोष्ट. एखादी पोरगी किंवा पोरगा अचानक म्हणतो, त्या बसनं जायचं नाही, त्या सरांकडे जायचं नाही, त्या रस्त्यानं नाही. लगेच "काऊन, काय झालं तुले?" म्हणून अंगावर जाऊ नका. दोन दिवस सोबत चाला. चालताना पोरं बोलतात, समोर बसवलं की गप्प होतात. कुणी हात लावला, कुणी मोबाईलवर फोटो मागितला, फोटोवरून धमकावलं, असं काही निघालं तर गावात बैठक नको, थेट पोलीस. १०९८ हा पोरांसाठीचा नंबर आहे, पोर स्वतःही लावू शकतं, पैसे पडत नाहीत. शाळेत पोरांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते. एका शाळेत मी पेटी पाहिली, कुलूप गंजून घट्ट झालेलं. किल्ली विचारली तर चार जण एकमेकांकडे पाहू लागले. तुमच्या शाळेत जाल तेव्हा किल्ली कुणाकडे असते तेवढं विचारा.

त्या रपट्याचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. रपट्याच्या दगडी खांबावर आम्ही लाल ऑइल पेंटची एक आडवी रेघ ओढली, पाचवीतल्या पोराच्या घोट्याच्या उंचीवर. रेघ दिसत नसेल तर उतरायचं नाही. अलीकडच्या तीन घरांवर तसलीच लाल टिकली लावली. पूर असला की पोरांनी तिथं थांबायचं, खिचडी खायची, गरज पडली तर रात्री तिथंच झोपायचं. त्यातलं एक घर त्या बैलवाल्या बाबाजीचं होतं. पहिल्या पावसाळ्यात पोरं चारदा मुक्कामी राहिली. मग तर पूर नसतानाही जायला लागली, कारण बाबाजीच्या घरी भाजलेले मक्याचे कणीस मिळायचे.

पाव लिटर रंग लागतो. या रविवारी सकाळी नाल्यात पाणी नसेल, तेवढ्यात रेघ ओढून घ्या. नमस्कार.