पाच फुटांची भिंत: ढाक्याचे संसद भवन

या करड्या भिंतीकडे जरा जवळून पाहा. दर पाच फुटांवर पांढऱ्या संगमरवराची एक पट्टी आडवी गेलेली दिसते. एका वेळी भिंत ओतली जाई ती पाच फुटांची. मग दुसऱ्या थराचा सांधा जिथे येई, तिथे ही पट्टी बसवली गेली. पावसाचे पाणीही तिच्यामुळे भिंतीवर ओघळण्याऐवजी बाहेर निथळते. बांबूच्या परांचीवरून, डोक्यावर टोपल्या घेऊन मजुरांनी वर चढवलेल्या काँक्रीटचा हिशेबच जणू या भिंतीवर लिहून ठेवला आहे, आणि मला तरी या वास्तूचे सर्वांत मोठे सौंदर्य तेच वाटते.

ढाक्याच्या शेर-ए-बांगला नगरातील हे बांगलादेशचे जातीय संसद भवन. ते योजले गेले तेव्हा हा भूभाग पूर्व पाकिस्तान होता. बंगाली वास्तुरचनाकार मझहरुल इस्लाम यांनी आपल्याकडे चालून आलेले काम स्वतःकडे न ठेवता जगातल्या श्रेष्ठ वास्तुरचनाकारांची नावे सुचवली, आणि त्यांतून अमेरिकेच्या लुई कान यांच्याकडे ते गेले. एवढे मन फार थोड्यांजवळ असते.

१९७१च्या मुक्तियुद्धात काम थांबले. पुढे नव्या राष्ट्राने तेच भवन आपले म्हणून पूर्ण करायला घेतले. कान यांना ते पुरे झालेले पाहता आले नाही. मार्च १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचे निधन झाले. भवन वापरात आले ते १९८२मध्ये, आणि १९८९मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

बाहेरच्या भिंतींत कापलेली ती प्रचंड वर्तुळे आणि त्रिकोण नुसत्या शोभेसाठी नाहीत. खोल्या त्यांच्या मागे आत सरकवलेल्या असल्यामुळे बंगालचे ऊन आणि पाऊस आधी या भिंती झेलतात. सभोवतीचे तळेही या नद्यांच्या प्रदेशात उपरे वाटत नाही. दक्षिणेकडील प्रार्थनागृह मात्र इमारतीच्या अक्षापासून किंचित वळलेले आहे, कारण त्याचे तोंड मक्केकडे आहे.

आठ भागांच्या मधोमध, सर्वांत उंच, अष्टकोनी सभागृह आहे. त्याच्या छत्रीसारख्या छताच्या कडांमधून ऊन सरळ आत न येता भिंतींवर आपटून, मवाळ होऊन खाली सदस्यांच्या आसनांपर्यंत उतरते.