कंसातलं नाव

ही तबकडी हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, पण कडेला धरून. लाखेची आहे, पडली की संपली. चोरबाजारात एका पेटीत नाट्यगीतांच्या तबकड्यांखाली दबलेली मिळाली. तिथं ती असण्यात नवल काही नाही. 1935 पासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक आपल्या ताजमध्ये वाजवत होते, आणि ती गाणी ऐकणारी घरंही मुंबईत होती. मधला कागद बघा. ठळक अक्षरांत फॅट्स वॉलर, पियानो वाजवत गाणारा. गाण्याच्या नावाखाली कंसात तीन बारीक नावं, गाणं रचणाऱ्यांची. चष्मा पुसून वाचलंत तर त्यातलं एक आहे राझाफ. आज बोलायचंय ते या कंसातल्या माणसाबद्दल.

गीतकार अँडी राझाफ 1895 मध्ये वॉशिंग्टनला जन्मला. आजोबा जॉन वॉलर मादागास्करमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. (आपल्या फॅट्स वॉलरशी त्यांचं नातं नाही, आडनाव तेवढं एक.) त्यांच्या मुलीचं लग्न तिथल्या राजघराण्यात झालं, फ्रेंचांनी बेट घेतलं, त्या धामधुमीत नवरा गेला आणि पोटुशी मुलगी अमेरिकेला परतली. तर मादागास्करच्या राणीच्या नात्यातला हा मुलगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट चालवत होता. संगीत प्रकाशकांची कचेऱ्या-दुकानं जिथं होती, त्या टिन पॅन ॲलीतल्या इमारतीत. 1913 मध्ये त्याचं पहिलं गाणं रंगमंचावर आलं. मधल्या काळात त्यानं हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या, वृत्तपत्रांतून राजकीय कविता लिहिल्या, बेसबॉलही खेळून पाहिला. पोट भरलं ते गाण्यांनी.

आणि ती कसली गाणी? 1928-29 मध्ये मागणी होती चावट गाण्यांना. बेसी स्मिथनं गायलेलं 'किचन मॅन' घ्या. श्रीमंत बाईचा स्वयंपाकी नोकरी सोडायला निघतो आणि बाई त्याच्या हातच्या पदार्थांची यादी काढून रडते. त्याचे डोनट खाल्ले की मागे फक्त भोकच उरतं, म्हणते. हसलात ना? लावणी ऐकलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. अट इथंही तीच आहे: वरचा अर्थ चोख बसला पाहिजे, म्हणजे खालच्या अर्थाचं पाप ऐकणाऱ्याच्या माथी. राझाफचा वरचा अर्थ कधी फाटत नाही. 'हनीसकल रोझ'मध्ये प्रियकर सांगतो की साखर विकत आणू नकोस, तू माझ्या कपाला बोट लावलंस की झालं. एवढ्या साध्या, घरातल्या वस्तूंवर तो माणूस प्रेमगीत उभं करतो.

आता ज्या गाण्यासाठी मी खरं म्हणजे आलोय, ते. 1929 मध्ये 'हॉट चॉकलेट्स' नावाचा कार्यक्रम ब्रॉडवेवर येणार होता. त्यामागे पैसा होता डच शुल्ट्झचा, म्हणजे दारूबंदीच्या काळातल्या नामचीन गुंडाचा. राझाफ पुढे सांगत असे ती हकिगत अशी: शुल्ट्झनं फर्मावलं, की एक विनोदी गाणं हवं, काळी बाई काळेपणाचं रडगाणं गातेय असं. राझाफनं आधी नकार दिला. शुल्ट्झला नकार ऐकायची सवय नव्हती. मग राझाफनं 'ब्लॅक अँड ब्लू' लिहिलं. पडदा उघडला तर पांढऱ्याशुभ्र पलंगावर गायिका एडिथ विल्सन. सुरुवातीला लोक हसले, कारण गाणं हसण्यासारखंच सुरू होतं: गोऱ्या-गव्हाळ पोरींना जोडीदार मिळतात, मी मात्र एकटी. मग हळूहळू शब्द खोल जात जातात. थंडगार रिकामा पलंग. उंदीरसुद्धा घर सोडून गेला. आणि शेवटाकडे, माझं पाप एवढंच, ते माझ्या कातडीत आहे. फर्माईश विनोदाची होती, पुरवलंही विनोदासारखंच, पण प्रेक्षक घरी घेऊन गेले ते भलतंच.

त्यात एक ओळ आहे, आतून मी गोरीच आहे अशा अर्थाची. त्या ओळीवर माझं राझाफशी भांडण आहे. इतकं लिहून झाल्यावर गोरेपणाची ग्वाही कशाला? असो. 1929 सालच्या ब्रॉडवेवर बसून मी लिहीत नव्हतो.

इथं तबकडी मध्ये येते. अमेरिकन गाण्यात मूळ पदाआधी एक प्रस्तावना असते, आपल्या संगीत नाटकात पदाआधी साकी यायची तशी. त्या बाईची गोऱ्या-गव्हाळ पोरींबद्दलची तक्रार सगळी या प्रस्तावनेत आहे. तबकडीच्या एका बाजूला मिनिटं जेमतेम तीन. जुलै 1929 मध्ये ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगनं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि प्रस्तावना गायलीच नाही. बाई गेली, गोऱ्या-गव्हाळ पोरी गेल्या, उरला तो एका काळ्या माणसाचा सवाल: मी असं केलं तरी काय? राझाफनं लिहिलेलं फारसं न बदलता, नुसतं गाळून, गाणं दुसरंच झालं. राल्फ एलिसनच्या 1952 सालच्या 'इनव्हिजिबल मॅन' या कादंबरीच्या सुरुवातीला निवेदक ऐकतो ती आर्मस्ट्राँगची हीच तबकडी. 1956 मध्ये आर्मस्ट्राँगनं आजच्या घानातल्या अक्राला हे गाणं तिथले नेते एन्क्रुमा यांच्यासमोर गायलं. ते गाणं कुणाचं? मला विचाराल तर दोघांचं, पण कंसात नसलेल्या माणसाचा वाटा मोठा आहे.

उलटी गंमतही ऐका. 'इन द मूड' तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, निदान लग्नाच्या बँडवर. त्याचे शब्द राझाफचे. आठवतात? आठवणार नाहीत, कारण ग्लेन मिलरच्या 1939 सालच्या ज्या तबकडीनं जग जिंकलं तिच्यावर कुणी गातच नाही. मोबदला 200 डॉलर एकदाच मिळाले म्हणतात. आणि वॉलरचं म्हणाल, तर त्यानं 1929 मध्येच आपल्या वाट्याचे ढीगभर गाण्यांचे हक्क 500 डॉलरला विकले होते, त्यात 'एन्ट मिसबिहेविन'सुद्धा होतं. राझाफ 1951 नंतर पक्षाघातानं लॉस एंजेलिसला जखडून पडला, 1973 मध्ये गेला. 'एन्ट मिसबिहेविन' याच नावाची संगीतिका ब्रॉडवेवर आली 1978 मध्ये.

आली का तबकडी परत? द्या. हे 'द जॉइंट इज जम्पिन', 1937. हार्लेममध्ये घरभाडं थकलं की लोक घरातच जलसा करत. दारात थोडे पैसे घ्यायचे, पियानोवाला बोलवायचा, पहाटेपर्यंत नाच, सकाळी भाडं चुकतं. असा जलसा या तीन मिनिटांत कोंबलाय. शेवटी पोलिसांची शिट्टी वाजते, आरडाओरडा होतो, आणि त्या गोंगाटात वॉलर ओरडून सांगतो ते नीट ऐका: खरं नाव सांगू नका, अजिबात नको! शब्द ज्यानं लिहिले त्याचं खरं नाव होतं आंद्रियामानांतेना पॉल राझाफिंकारेफो. कंसात मावलं असतं का? सुई ठेवतो.