अजून एक सीझन द्यायचा का? नेब्रास्का आणि स्कॉट फ्रॉस्टची गोष्ट

27 ऑगस्ट 2022. आयर्लंडमधलं डब्लिन, अविवा स्टेडियम. अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच चाललीये, नेब्रास्का विरुद्ध नॉर्थवेस्टर्न, सीझन आत्ता कुठे सुरू होतोय. तिसरा क्वार्टर. नेब्रास्का 28-17 पुढे, म्हणजे 11 पॉइंटांची लीड. अशा वेळी काय करायचं असतं, तर बॉल जोरात लांब मारायचा आणि समोरच्या टीमला म्हणायचं, या आता एवढं अंतर कापून. लहान पोरगंही हेच करेल.

पण नेब्रास्काचा किकर बॉल जवळच टाकतो. याला ऑनसाइड किक म्हणतात, बॉल 10 यार्ड गेला की आपल्याच पोरांनी झडप घालून तो परत मिळवायचा, असा जुगार. हा सहसा हरणारी टीम शेवटच्या दोन मिनिटांत खेळते, दुसरा काही मार्ग नसतो म्हणून. इथे जिंकणारी टीम खेळली. बॉल नॉर्थवेस्टर्नला मिळाला, त्यांनी टचडाऊन मारला, म्हणजे बॉल नेब्रास्काच्या शेवटच्या रेषेपार नेला, आणि शेवटी मॅचही घेतली, 31-28.

तिकडे नेब्रास्कात टीव्हीसमोर बसलेल्या लोकांच्या तोंडून काय निघालं असेल ते मी सांगू शकत नाही, पण मराठीत त्याला एकच शब्दप्रयोग आहे. पहिले पाढे पंचावन्न.

कारण हा किक ज्याने मारायला लावला तो कोच, स्कॉट फ्रॉस्ट, पाचव्या सीझनमध्ये होता, आणि नऊ महिन्यांपूर्वीच त्याला "अजून एक वर्ष" मिळालं होतं. ते द्यायला हवं होतं का, एवढाच आपला आजचा प्रश्न. दिसायला सोपा आहे, पण नाहीये.

आधी थोडं नेब्रास्काबद्दल सांगतो, नाहीतर एका कॉलेजच्या कोचवरून एवढा गदारोळ का ते कळणार नाही. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांचं राज्य, लोकसंख्या जेमतेम 20 लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. तिथे एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगची, टीम नाही. जे आहे ते हे, लिंकन शहरातलं युनिव्हर्सिटीचं मेमोरियल स्टेडियम, जिथे 1962 पासून प्रत्येक होम मॅचची तिकिटं संपलेली आहेत. मॅचच्या दिवशी ते स्टेडियमच राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिथले लोक सांगतात. आता आपल्याकडे रणजी टीमचा कोच बदलला तर किती जणांना कळतं हो? तिथे पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे हाच विषय.

आणि या लोकांना सवय लागलेली होती कोच टॉम ऑसबर्नची. 1973 ते 1997, 25 सीझन, 255 विजय, 49 पराभव, आणि एकाही सीझनमध्ये 9 पेक्षा कमी विजय नाहीत. तरी गंमत बघा, या माणसावरही लोक कुरकुरत होते, कारण पहिली पाच वर्षं तो ओक्लाहोमाला हरवू शकला नव्हता. 1978 ला हरवलं, मग जरा शांत झाले. तीन नॅशनल टायटल्स त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, 1994, 1995 आणि 1997.

त्या 1997 च्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, हल्ला चालवणारा खेळाडू कोण? स्कॉट फ्रॉस्ट.

नेब्रास्काचाच मुलगा, वूड रिव्हर नावाच्या छोट्या गावात वाढलेला. वडील नेब्रास्काकडून खेळलेले, आई 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली, आणि शाळेत फुटबॉलच्या कोचिंगमध्ये आईही. पण हा पोरगा आधी कॉलेजसाठी गेला स्टॅनफर्डला, मग परत आला, आणि घर सोडून गेलेल्याला गाव जसं बोलतं तसंच तिथेही झालं. 1997 मध्ये एका होम मॅचला त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. ती मॅच होती सेंट्रल फ्लोरिडा, म्हणजे यूसीएफ, विरुद्ध. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच सीझनमध्ये 8 नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध नेब्रास्का जवळपास हरलेलीच होती. शेवटचा प्ले, म्हणजे शेवटची चाल, सात पॉइंटांनी मागे, फ्रॉस्टने पास टाकला, तो अडला, बॉल खाली पडणार तेवढ्यात एका खेळाडूच्या पायाला लागून वर उडाला आणि दुसऱ्याने जमिनीला टेकायच्या आत झेलला. टचडाऊन. ओव्हरटाइममध्ये 45-38 नी मॅच जिंकली आणि तिथून पुढे टायटल. तो पाय दोन इंच इकडेतिकडे झाला असता तर पुतळ्यासारखं मिरवायचं असं काही उरलंच नसतं. नशीब म्हणा, नाहीतर काहीही म्हणा, पण हे पण लक्षात ठेवा.

मग ऑसबर्न रिटायर झाले आणि उतरती कळा लागली. त्यांच्यानंतरचा कोच फ्रँक सोलिच, त्याला 2003 मध्ये काढलं, त्या सीझनला 9 विजय 3 पराभव असताना. बो पेलिनीला 2014 मध्ये, परत 9 आणि 3 असताना. मधे कॅलहन, नंतर रायली. आज 9-3 म्हटलं तर नेब्रास्कात लोक पेढे वाटतील, पण तेव्हा ते कमी वाटत होतं. अति तिथे माती, दुसरं काय.

2017 च्या डिसेंबरमध्ये घरचा मुलगा, फ्रॉस्ट, कोच म्हणून घरी आला. आणि रिकाम्या हाताने नाही आला. यूसीएफची टीम 2015 मध्ये 0-12 होती, एकही मॅच जिंकलेली नाही, फ्रॉस्टने दोन वर्षांत ती 13-0 वर नेली. देशातला सगळ्यात हॉट कोच, त्यात आपला, सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, साडेतीन कोटी डॉलर. सगळं राज्य खूश. मला विचाराल तर तेव्हा मीही हाच निर्णय घेतला असता, हे कबूल करून टाकतो.

पहिलीच मॅच विजांच्या कडकडाटात रद्द झाली. शकुन मानत असाल तर माना. त्यानंतर ओळीने सहा पराभव. 2018 संपला 4-8 वर. 2019, 5-7, आणि तरी त्याच सीझनमध्ये कॉन्ट्रॅक्ट 2026 पर्यंत वाढवून दिलं, का तर म्हणे दुसरं कोणी पळवायला नको. 5-7 च्या कोचला कोण पळवणार होतं देव जाणे. 2020 कोविडचं वर्ष, 3-5.

आणि मग 2021. हा सीझन म्हणजे या सगळ्या वादाचं मूळ आहे, म्हणून इथे जरा थांबू.

3 विजय, 9 पराभव. आकडा ऐकला की वाटतं, काढा हो याला, विचार कसला करताय. पण आता स्कोअर बघा. इलिनॉयकडून 8 पॉइंटांनी हरले. ओक्लाहोमाकडून 7. मिशिगन स्टेटकडून 3, तेही ओव्हरटाइममध्ये. मिशिगनकडून 3. मिनेसोटा 7, पर्ड्यू 5, ओहायो स्टेट 9, विस्कॉन्सिन 7, आयोवा 7. नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने! बेरीज केली तर 56 पॉइंट. आणि जिंकलेल्या तीन मॅचमधली बेरीज 119. म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये नेब्रास्काने खाल्ले त्यापेक्षा 63 पॉइंट जास्त मारले आणि तरीही 12 पैकी 9 मॅच हरले. असली 3-9 टीम मी तरी दुसरी बघितलेली नाही.

आता यावरून दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, बघा ना, किती जवळ आलेत, एकेक पासचा प्रश्न आहे, नशीब फिरलं की हीच टीम 8-4 होईल. आकडेवारीवाले लोकही साधारण हेच सांगतात, की आठ पॉइंटांच्या आतल्या मॅचमध्ये लांब पल्ल्यात निम्मे विजय निम्मे पराभव होतात, एखाद वर्षी फासे उलटे पडतात इतकंच. दुसरी पार्टी म्हणे, अरे पण हातातोंडाशी आलेला घास दरवेळी यांचाच कसा सांडतो?

आणि मला वाटतं दुसऱ्या पार्टीचं म्हणणं नीट ऐकायला हवं होतं. मिशिगन स्टेटची मॅच घ्या. शेवटची काही मिनिटं उरलेली, नेब्रास्का पुढे, फक्त पंट मारायचा होता, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देऊन टाकायचा. कव्हर करणारी पोरं एका बाजूला पळाली आणि बॉल गेला दुसऱ्या बाजूला, समोरच्याने रिकाम्या मैदानातून पळत नेऊन टचडाऊन केला आणि बरोबरी. आयोवाची मॅच घ्या. 21-6 पुढे होते, पंट ब्लॉक झाला, त्याचाच टचडाऊन झाला, आणि 28-21 नी हरले. दोन्ही वेळा स्पेशल टीम्स, म्हणजे किक आणि पंटवाली तुकडी. आणि आयोवानंतर नऊ महिन्यांनी डब्लिनमध्ये परत किकच. फासे असे एकाच कोपऱ्यात पडत नसतात.

पण निर्णय तर आयोवाच्या मॅचच्याही आधीच झाला होता. 8 नोव्हेंबर 2021. हो, तीच तारीख, मिझुरीच्या चमत्काराला बरोबर 24 वर्षं. ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळांचे प्रमुख, ट्रेव्ह अल्बर्ट्स, तेही जुने नेब्रास्काचेच खेळाडू, यांनी जाहीर केलं की फ्रॉस्ट राहणार. पगार 50 लाख डॉलरवरून 40 लाख. ऑफेन्सचे, म्हणजे हल्ल्याच्या तुकडीचे, चार असिस्टंट मात्र त्याच दिवशी घरी.

यात प्रेम होतं, आशा होती, पण हिशोबही होता हे विसरू नका. त्या दिवशी काढलं असतं तर जवळपास 2 कोटी डॉलर मोजावे लागले असते, याला बायआउट म्हणतात, कॉन्ट्रॅक्टची उरलेली भरपाई. नवीन करारात एक कलम घातलं, की 1 ऑक्टोबर 2022 नंतर काढलं तर फक्त 75 लाख, त्याआधी काढलं तर दीड कोटी. म्हणजे कोचला वेळ दिला की बिल कमी करायला वेळ घेतला, हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेत हे सर्रास चालतं. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये जिंबो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं कबूल केलं होतं, साडेसात कोटी, कोचिंग न करण्याचे!

वेळ देऊ नये असं म्हणायला मी तयार नाही, कारण माझ्यासमोर फ्रँक बीमर आहे. व्हर्जिनिया टेक, 1987 ला कोच झाला, तोही तिथलाच जुना खेळाडू, आणि पदरात पडली आधीच्या कोचच्या काळातल्या भानगडींची शिक्षा, स्कॉलरशिप कापलेल्या. सहा वर्षांत 24 विजय, 40 पराभव, 2 बरोबरीत. सहावं वर्ष तर 2-8-1. आज असता तर चौथ्या वर्षीच गेला असता. पण त्याला ठेवला, स्टाफ बदलायला लावला, आणि 1993 ला 9-3. तिथून ओळीने 23 वर्षं त्याची टीम बोल गेम, म्हणजे चांगल्या सीझननंतर मिळणारी जादा मॅच, खेळली, 1999 च्या सीझनमध्ये नॅशनल टायटलच्या मॅचपर्यंत गेली. बीमरची ओळख कशासाठी माहितीये? स्पेशल टीम्ससाठी. पंट आणि किकची तुकडी हेड कोच स्वतः बघायचा, "बीमर बॉल" असं नावच पडलं त्याला. जिथे फ्रॉस्टच्या मॅच सांडत होत्या बरोबर तिथे हा माणूस स्वतः उभा होता.

फ्रॉस्टने काहीच बदललं नाही असं नाही. प्ले ठरवायचं काम सोडलं, नवा ऑफेन्स कोऑर्डिनेटर आणला. पण 11 पॉइंटांनी पुढे असताना ऑनसाइड किक मारायचा, हा निर्णय हेड कोचचाच होता आणि तो हेड कोच तोच होता. चार माणसं बदलली, पाचवा राहिला. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला वर्ष देणं चूक नव्हतं, त्या 63 पॉइंटांकडे बघून कोणीही दिलं असतं, पण ते देताना "तू स्वतः काय वेगळं करणार" हे विचारून त्याचं उत्तर मिळाल्यावर द्यायला हवं होतं.

10 सप्टेंबर 2022, समोर जॉर्जिया सदर्न. अशा छोट्या टीमला तर घरी बोलावून हरवायचं असतं, त्याचे त्यांना पैसे पण द्यायचे असतात. घरच्या मैदानावर 35 किंवा जास्त पॉइंट केले की नेब्रास्काचा रेकॉर्ड होता 214-0. त्या दिवशी 42 केले. आणि 45-42 नी हरले, शेवटच्या मिनिटात.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फ्रॉस्ट गेला. एकूण 16 विजय, 31 पराभव, आठ पॉइंटांच्या आतल्या मॅचमध्ये 5-22. आणि 1 ऑक्टोबरला जेमतेम तीन आठवडे होते. ते तीन आठवडे न थांबण्याची किंमत 75 लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण 60 कोटी रुपये, आणि ती मोजायला नेब्रास्का तयार झाली. यावरून कळतं लोक किती कावले असतील.

आता यात एक खोच आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. नवा कोच मॅट रूल आला, 2023 ला शेवटच्या चार मॅच हरला. 3 पॉइंटांनी, 3 पॉइंटांनी, ओव्हरटाइममध्ये 7 नी, आणि 3 नी. फ्रॉस्टचे चाहते तेव्हा हसले असतील. पण रूलला कोणी काढलं नाही, आणि 23 नोव्हेंबर 2024 ला विस्कॉन्सिनला 44-25 नी हरवलं तेव्हा नेब्रास्काचा त्या सीझनचा सहावा विजय झाला, फक्त सहावा हां, आणि त्यासाठी लोक मैदानात धावत उतरले. कारण त्यामुळे 2016 नंतर पहिल्यांदा बोल गेम मिळाली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी फ्रॉस्टलाही नोकरी मिळाली, हेड कोचची. जिथे 0-12 चे 13-0 केले होते तिथेच. यूसीएफ.