‘शिवाय’ म्हणजे काय गं, आजी?

(महाशिवरात्रीच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

आज सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना मला शहापूरची महाशिवरात्र आठवत होती. शहापूर म्हणजे आमच्या बेळगावातलं. पूर्वी ते सांगली संस्थानात होतं. म्हणून आमच्या घरातली जुनी माणसं कपिलेश्वराजवळचं रेल्वे फाटक ओलांडायचं असलं की “बेळगावात जाऊन येतो” म्हणायची. शिवरात्रीला त्या कपिलेश्वरासमोर पहाटेपासून रांग लागायची. हातात बेलाची पानं, पायाखाली गार फरशी, आणि पुढून मागून एकच मंत्र, ‘नमः शिवाय’. तो म्हणणाऱ्यांपैकी कोण घरी मराठी बोलतं आणि कोण कन्नड, हे त्या पाच अक्षरांवरून ओळखता यायचं नाही.

आमच्या गल्लीत पहाटे दोन आवाज असायचे. एक मागाचा, कारण शेजारचं घर साड्या विणणाऱ्यांचं. दुसरा आजीचा. गोमुखीत हात, गोमुखीत रुद्राक्षाची माळ, आणि ओठांवर ‘ॐ नमः शिवाय’. माग आणि आजी कधी कधी एका लयीत यायचे. मी अंथरुणात पडून त्याची वाट बघायची.

चौथीत बाईंनी ‘शिवाय’ लावून वाक्यं करायला सांगितली. पाण्याशिवाय मासा जगत नाही. मीठाशिवाय आमटी आळणी लागते. त्या संध्याकाळी मी घरी येऊन गप्पच बसले. मग आजीला विचारलं, “आजी, नमः शिवाय म्हणजे नमस्कार सोडून? मग देवाला नमस्कार करायचा नाही काय?” आजी म्हणाली, “आधी म्हण. मग कळतंय.”

माझं समाधान झालं नाही. मी शेजारच्या अज्जींकडे गेले. त्या लिंगायत. रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायच्या, डाव्या तळहातावर ठेवायच्या आणि त्याच्याकडे एकटक बघत हाच मंत्र म्हणायच्या. लिंगायत परंपरेत अष्टावरणं सांगितली आहेत: गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र. अज्जींच्या घरी ही आठही रोजच्या वागण्यातली होती. माझा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “शिवाय अंद्र शिवनिगे. शिवाला, बाळा. नमः अंद्र शरणु.”

शिवनिगे. शिवाला. मराठी शाळेतल्या पोरीचा संस्कृत मंत्रातला गुंता कन्नड अज्जींनी एका शब्दात सोडवला. पुढे संस्कृत शिकताना ‘चतुर्थी विभक्ती’ आली तेव्हा मला पाठ करावं लागलं नाही. ती मला अज्जींच्या उंबऱ्यावर आधीच भेटली होती.

हा मंत्र येतो कुठून, तेही सांगते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत, चौथ्या कांडाच्या पाचव्या प्रपाठकात, श्रीरुद्र आहे. आपण अभिषेकाला म्हणतो तो नमक. त्याचे ११ अनुवाक, म्हणजे भाग. त्यातल्या आठव्यात ओळ येते: ‘नमः शिवाय च शिवतराय च’. जो मंगल आहे त्याला नमस्कार, जो त्याहून मंगल आहे त्यालाही. म्हणजे तिथे ‘शिव’ हे नाव असण्याआधी विशेषण आहे: कल्याण करणारा. ‘नमः शिवाय’ ही पाच अक्षरं ती पंचाक्षरी, आणि सुरुवातीला ॐ लावला की षडक्षरी.

पण त्या ओळीच्या आधी काय काय आहे ते ऐका. चौथ्या अनुवाकात सुताराला नमस्कार आहे, रथ करणाऱ्याला आहे, कुंभाराला आहे, लोहाराला आहे. कुत्र्यांना आणि कुत्री पाळणाऱ्यांनाही आहे. त्याच्या आधीच्या अनुवाकात तर चोरांच्या नायकालाही नमस्कार केलेला आहे. हे पहिल्यांदा अर्थासकट वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. इतक्या सगळ्यांपुढे वाकत वाकत तो ऋषी ‘नमः शिवाय’पर्यंत पोचतो. आपण मधली पाच अक्षरं उचलतो आणि आजूबाजूची माणसं सोडून देतो. मला वाटतं, मंत्र म्हणताना निदान अधूनमधून तो कुंभार, तो लोहार डोळ्यांपुढे आणावा. मी आणते. माझ्या बाबतीत त्या जागी अज्जींचा माग येतो.

‘नमः’ची एक जुनी फोड आहे: न मम, माझं नव्हे. आजीला ती ठाऊक नव्हती, पण जप झाल्यावर ती पळीभर पाणी ताम्हनात सोडायची आणि म्हणायची, “तुझं तुला.” तेच ते.

आता जप करायचा कसा? तीन प्रकार सांगतात. मोठ्यानं तो वाचिक. ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु. मनातल्या मनात तो मानसिक. ग्रंथांत मानसिक जप सर्वांत श्रेष्ठ मानलाय, आणि ते खरंच असेल. तरी नव्यानं सुरू करणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मनातला जप चौथ्या मण्याला ऑफिसात जाऊन बसतो आणि आपल्याला कळतही नाही. मोठ्यानं म्हणा. आवाज थांबला की मन सुटलं, हे तुमचं तुम्हालाच समजेल.

माळ १०८ मण्यांची. मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळ जिथे जोडलेली असते तिथला मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. माझ्या गतीनं एक माळ सहा-सात मिनिटांत होते. एवढा वेळ प्रत्येकाकडे असतो. जागा आणि वेळ शक्यतो एकच ठेवा. बाकीचे नियम ज्याच्या त्याच्या गुरूंकडून, घरातून.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा ‘मणि पद्मे’चा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते, असं त्यात दिसलं. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा, त्यांना आवडतं. पण रक्तदाबासाठी जप करा असं सांगू नका. आजी रक्तदाबासाठी बसत नव्हती.

ती कशासाठी बसायची, ते मला तिच्या गोष्टीतून कळलं. श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ १७१८ सालचं. त्याच्या पहिल्याच अध्यायात पंचाक्षरीचा महिमा आहे. दाशार्ह राजाला राणी कलावतीला जवळ घेववत नाही. ती दुर्वासांकडून शिवमंत्र घेतलेली, तिचं अंग त्याला तापल्या लोखंडासारखं लागतं. मग गर्गमुनी यमुनेच्या काठी राजाला मंत्र देतात, आणि त्याची पापं कावळे होऊन अंगातून उडून जातात. आजी हे वाचताना आम्ही पोरं कौलांकडे बघायचो. कावळे आजीचेही उडतात काय? “उडतात की,” ती म्हणायची. “रोज उडतात. रोज नवे येऊन बसतात. म्हणून रोज बसायचं.”

आजीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी कॉलेजात होते. वाचा गेली. त्याच आठवड्यात गावात पाट्यांच्या भाषेवरून दगडफेक झाली, बंद पुकारला गेला. सीमाभागात वाढलेल्या प्रत्येकानं असे दिवस पाहिलेत. दुकानांची फळकुटं लागलेली, गल्लीच्या तोंडाशी पोलीस, शेजारी शेजाऱ्याशी नीट बोलत नाही. मराठीसाठी माझ्या घरच्यांनीही पुष्कळ सोसलंय, आणि महाराष्ट्रात जाण्याच्या त्या मागणीचं दुःख मी आजही हलकं मानत नाही. पण त्या दुपारी अज्जी मागच्या दारानं आल्या. “वैनी,” अशी हाक मारून आजीच्या उशाशी बसल्या. आजी त्यांना जन्मभर ‘अक्का’ म्हणत आली होती. आता म्हणता येत नव्हतं. अज्जींनी काही विचारलं नाही. आजीचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या बोटांच्या पेरांवरून आपला अंगठा फिरवत मंत्र सुरू केला. एका पेराला एक. थोड्या वेळानं आजीचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. पेर चुकत नव्हतं.

त्या रोज आल्या. नऊ दिवस. दहाव्या दिवशी पहाटे आजी गेली, आणि त्या दिवशी शेजारचा माग बंद होता.

तीच मोजणी मी आज तुम्हाला शिकवणार आहे. हिला करमाळ म्हणतात. माळ विसरली, प्रवासात असलो, हॉस्पिटलात बसलो असलो, तरी हात बरोबर असतो. मुलांनो, तुम्हीही पुढे या, खाली बसलात तरी चालेल.

उजवा हात उघडा. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा, हा एक. खालचं पेर, दोन. आता करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. तीन, चार, पाच. अनामिकेचं वरचं, सहा. मधल्या बोटाचं वरचं, सात. तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. आठ, नऊ, दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, तिथे जायचं नाही. दहा झाले की आल्या वाटेनं परत.

झालं? अंगठा पुन्हा अनामिकेच्या मधल्या पेरावर आणा. मोठ्यानं, घाई न करता.

ॐ नमः शिवाय.